सोमवारचे तीन फोन

"एकसष्ट कॅसेटी आहेत बाई यांच्या," लोखंडे मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या. "कार्ड याच महिन्यात संपतंय. यांना आधी फोन लाव, हेमा. म्हातारा माणूस दिसतोय."

मी स्क्रीनवरचं नाव वाचलं. वसंत दामोदर खरोटे. वय सत्तर. निवृत्त मुख्याध्यापक. रेकॉर्डिंगपुढे लिहिलं होतं : कै. सौ. इंदुमती खरोटे, मुलीला पाठवलेली बोलती पत्रं.

"लावते मॅडम," मी म्हटलं आणि लावला नाही. त्या दिवशी गुरुवार होता.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि नाशकात कॉलेज रोडवर एका छोट्या कंपनीत कामाला होते. लोक घरातल्या जुन्या कॅसेटी आमच्याकडे आणून द्यायचे. कुणाच्या वडिलांचं कीर्तन, कुणाच्या मुलाचे बोबडे बोल. आम्ही ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचो, खरखर काढायचो आणि कंपनीकडे सांभाळून ठेवायचो. लोकांनी घरबसल्या हवं तेव्हा ऐकावं. त्याचे पैसे दर महिन्याला त्यांच्या कार्डातून आपोआप कापले जायचे.

आता कार्डावर मुदत छापलेली असते. मुदत संपली की बँक नवीन कार्ड घरी पाठवते, लोक ते पाकिटात घालतात आणि आमच्याकडे जुनंच कार्ड नोंदवलेलं आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पैसे कापले जात नाहीत. म्हणून ज्यांची मुदत संपत आलीय त्यांची यादी दर महिन्याला माझ्याकडे यायची. फोन करायचा, "नवीन कार्ड आलं का हो? लिंक पाठवते, त्यात माहिती भरा, नंबर मला तोंडी सांगू नका," असं म्हणायचं, आणि यादीतल्या नावापुढे खूण करायची. एवढंच काम.

नियम तीन फोनांचा होता. तीन वेगवेगळ्या आठवड्यांत तीन फोन, कचेरीच्या वेळेत. तीनही लागले नाहीत तर महिनाअखेरीला खातं बंद. आणि आमच्याकडे खातं बंद म्हणजे आवाज पुसला. मालकाला साठवणीची जागा महाग पडायची, तो एक दिवस जास्त ठेवायचा नाही. मेलवर सूचना जायच्या, पण खरोटे सरांचा मेल कुठल्यातरी दुकानदाराने काढून दिलेला होता आणि त्यांनी तो कधीच उघडलेला नव्हता. म्हणजे सगळं माझ्या तीन फोनांवर होतं.

मी सोमवारपर्यंत थांबले.

सोमवारी अकरा वाजता नंबर फिरवला. आपण संपर्क करत असलेला मोबाईल बंद आहे. मी नोंदीत लिहिलं, "पहिला फोन, लागला नाही." मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी कँटीनमध्ये दोन वडे जास्त खाल्ले.

खरोटे सरांचं सोमवारचं मौन असायचं. आमच्या गावातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. सिन्नरच्या पलीकडे आमचं गाव, तिथल्या शाळेत ते एकवीस वर्षं मुख्याध्यापक होते, निवृत्त झाल्यावर नाशकात राहायला आले. सोमवारी सूर्य मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचे नाहीत. गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली असायची, हवं ते खडूने लिहून दाखवायचे. गावाला त्यांचं केवढं कौतुक. माझी आई, द्वारका, त्याच शाळेत शिपाई होती. सोमवारी सरांची पाटी पुसायचं ओलं फडकं तीच जवळ ठेवायची.

मी आठवीत असताना दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर फुटला. परीक्षेच्या आदल्या दिवशीच तो शाळेच्या अध्यक्षांच्या मुलाच्या हातात सापडला. चौकशी बसली. पेपर सरांच्या खोलीतल्या कपाटात होते आणि खोली झाडायला आई जायची, म्हणून बोट आईकडे गेलं. ती मात्र शांत होती. कपाटाची चावी एकच आणि ती सरांच्या जानव्याला बांधलेली, हे तिने रोज पाहिलं होतं. सर सांगतील, म्हणाली. सर खोटं बोलत नाहीत.

चौकशी ठेवली ती सोमवारी.

मी व्हरांड्यात उभी होते. खिडकी उघडी होती. आत अध्यक्ष, दोन संचालक आणि मधल्या खुर्चीत सर, गळ्यात पाटी. आई समोर उभी.

"सर, तुम्हीच सांगा," आई म्हणाली. "कपाटाची चावी कुणाकडं असती?"

सरांनी पाटीकडे पाहिलं. फडकं घेतलं, आधीच कोरी असलेली पाटी पुसली आणि तशीच मांडीवर ठेवली.

"बोलू नका, पन लिहा तरी," आई म्हणाली. "एक अक्षर लिहा."

त्यांनी काही लिहिलं नाही. अध्यक्ष म्हणाले, सरांच्या व्रताचा मान ठेवू या, त्यांना यात ओढायला नको. दहा मिनिटांत आईची नोकरी गेली. मंगळवारी ती सरांच्या घरी गेली तर सर आठ दिवसांसाठी बाहेरगावी गेल्याचं कळलं. त्यानंतर गावाने आईचं नाव पेपरवाली ठेवलं. अजूनही तेच होतं. मी कॉलेजात गेले, नाशकात नोकरीला लागले, तरी गावात बसमधून उतरले की मागून ऐकू यायचं, पेपरवालीची पोरगी आली. आई दुसऱ्यांच्या मळ्यात निंदायला जायची आणि बाकीच्या बाया जेवायला एकत्र बसल्या की ही बांधावर एकटी बसायची. चौदा वर्षं. मी काही देवमाणूस नाही. तो माणूस यादीत सापडला तेव्हा मला हसूच आलं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा फोन केला. बंद. नोंद केली.

लोखंडे मॅडमनी नोंदी पाहिल्या. "अगं, दोन्ही सोमवारीच केलेस. मधल्या वारी करून बघ ना."

"यादी मोठी आहे मॅडम. प्रत्येकाचा वार ठरवून टाकलाय."

"बरं, तिसरा तरी दुसऱ्या दिवशी कर."

"करते," मी म्हटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, त्यांचाच फोन आला. मीच उचलला.

"नमस्कार. मी खरोटे बोलतोय. काल या नंबरवरून मला फोन येऊन गेल्याचा मेसेज दिसला. माझा मोबाईल बंद असतो सोमवारी."

तोच आवाज. थोडा कापरा झाला होता, पण प्रार्थनेनंतर सूचना सांगायचा तोच आवाज.

"हो सर," मी म्हटलं.

"माझ्या खात्याचं काही काम होतं का?"

आता विचाराल तर खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडात "नवीन कार्ड आलं का" हे वाक्य तयार होतं. दिवसातून चाळीस वेळा म्हणायचे मी ते. सवयीनेच बाहेर पडलं असतं. तेवढ्यात ते म्हणाले, "मला त्या मशीनमधलं काही कळत नाही गं बाळ. काही भरायचं-बिरायचं असेल तर सांग हं. माझ्या बायकोचं आहे ते सगळं. तिला जाऊन सहा वर्षं झाली."

बाळ म्हणाला मला. माझ्या आईला देशोधडीला लावून मला बाळ म्हणाला.

"काही नाही सर," मी म्हटलं. "नेहमीचा फोन होता. सगळं व्यवस्थित आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

फोन ठेवला. नियमाने तीन फोन करणं वेगळं आणि तोंडावर खोटं बोलणं वेगळं, हे मलाही कळत होतं. पण पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. एका माणसाने गप्प राहून माझ्या आईचं आयुष्य नासवलं होतं. आता त्याच्या घरातला एकुलता एक आवाज जाणार होता. मला ते अगदी बरोबर वाटलं.

तिसरा फोनही मी सोमवारीच केला. महिना संपला. पहिल्या तारखेला सकाळी यादी उघडली तर खरोटे नावापुढे लाल अक्षरात आलं होतं : खाते बंद, साठा रिकामा. मी दिवसभर गुणगुणत काम केलं. संध्याकाळी आईला फोन करून उगाचच विचारलं, "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "आज काय एवढी खुशीत?" मी म्हटलं, "काही नाही, सहज."

पहिली तारीख शुक्रवारी आली होती. सोमवारी साडेदहाला काचेचं दार ढकलून खरोटे सर कचेरीत आले.

मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. वाळले होते. सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती, छातीशी टॅब धरला होता. गळ्यात पाटी नव्हती. लोखंडे मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि बोलले. सोमवारी, सकाळी साडेदहाला, खणखणीत बोलले.

"बाई, यात काहीच नाही. मी सकाळी उघडलं तर सगळं कोरं. माझी बायको कुठे गेली?"

माझं टेबल त्यांच्यापासून चार हातांवर. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आज सोमवार आहे आणि हा माणूस बोलतोय. माझी आई एक अक्षर लिहा म्हणून हात जोडत होती तेव्हा याचं व्रत मोडलं नाही. स्वतःच्या कॅसेटी गेल्या तर घरातून बोलत बोलत आला. होती नव्हती तेवढी माया माझ्या मनातून त्या क्षणी आटली.

मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, कार्डाची मुदत कशी संपते ते समजावून सांगितलं. "तीन वेळा फोन केला होता आम्ही सर."

"मला कुणी काही सांगितलं नाही. मी स्वतः फोन केला होता, मंगळवारी. सगळं व्यवस्थित आहे म्हणाली ती मुलगी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"मूळ कॅसेटी असतील ना घरी?" मॅडमनी विचारलं.

"बुरशी लागली होती. तुमच्या माणसानेच सांगितलं, फेकून द्या, आता आमच्याकडे आहे सगळं." ते थांबले. टॅबवरून हात फिरवला. "बाई, बाकीचं गेलं तर गेलं. साठ कॅसेटी गेल्या तरी चालतील. एक मला परत द्या. चौतिसावी."

"त्यात काय होतं सर?"

"इंदूला लिहायचा कंटाळा. मुलगी मस्कतला होती, तिला कॅसेटीत बोलून पाठवायची. लोणचं घातलं, म्हैस व्याली, असलं सगळं. इंदू गेल्यावर मुलीने त्या सगळ्या मला आणून दिल्या. चौतिसाव्या कॅसेटीत ती माझ्याबद्दल बोललीय. मुलीला सांगतेय, तुझ्या बापाने गणिताचा पेपर स्वतःच्या हाताने अध्यक्षांच्या घरी नेऊन दिला आणि आळ शिपाई बाईवर येऊ दिला. मौन म्हणे. असल्या मौनाला काडी लावा, म्हणतेय. द्वारकाचं नाव घेऊन सांगतेय." त्यांनी डोळे पुसले. "मी दर सोमवारी ती कॅसेट ऐकतो. दिवसभर. दुसरं काही करत नाही."

खुर्चीचा हात धरून बसले मी. माझ्या आईने काही केलं नाही, हे सांगणारा जगात एकच पुरावा होता. तो आमच्याच कंपनीत पडून होता, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, आणि मी तीन सोमवार राबून तो पुसून टाकला होता. स्वतःच्या हाताने. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी दोन वडे जास्त खाऊन साजरं करत पुसलं होतं.

"ती कॅसेट द्वारकाबाईंना पोचवायची म्हणून मी लिहून ठेवलंय," सर सांगत होते. "माझ्यामागे. वकिलाकडे कागद आहे."

मी उठले.

"तुमच्यामागे म्हणजे?" मी विचारलं. "तुम्ही मेल्यावर?"

ते वळले. आवाज ओळखीचा वाटला असावा.

"मंगळवारी मीच बोलले होते," मी म्हटलं. "तीन फोनही मीच केले. मुद्दाम सोमवारी केले. मी द्वारकाची मुलगी, हेमा."

सर माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"हेमा, तू हे मुद्दाम केलंस?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही जिवंत असताना का नाही सांगितलं तिला?"

"हिंमत झाली नाही," ते म्हणाले. "इंदूने इतकं नीट सांगितलं होतं. वाटलं, तिच्याच तोंडून ऐकू दे. आपल्याला बोलायला नको."

"आता कॅसेट गेली सर. मी पुसली. आता तुमचं तोंड तेवढं उरलंय."

"आज?" त्यांनी विचारलं.

"आजच. सोमवार आहे म्हणून सांगू नका. तुम्ही सकाळपासून बोलताय."

सिन्नरची बस पकडली, पुढे गावाची. दोन तास आम्ही शेजारी बसलो होतो. मी तिकिटं काढली. ते एकदाच बोलले, "तुझी आई कशी आहे?" मी म्हटलं, "बघालच." मनातून मी फार घाबरले होते. आईने यांना पाहून हातपाय गाळले तर? रडली तर? मी केलेलं कळल्यावर मला काय म्हणेल? आणि तरी एक गोष्ट खरी, त्यांना घाबरलेलं बघून मला गार वाटत होतं.

आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. सरांना पाहून तिने पदर सारखा केला, पण उठली नाही. बसा म्हणाली नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

सर अंगणात उभे राहिले. चप्पल काढली, हात जोडले.

"द्वारकाबाई," ते म्हणाले, "तो पेपर मी दिला होता. अध्यक्षांनी मागितला आणि मी नेऊन दिला. चावी माझ्याकडे होती. तुम्ही काही केलं नव्हतं. मला माफ करा."

आईने एक काडी मोडली, पानं परातीत टाकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. चौदा वर्षं मी हे वाक्य मनातल्या मनात तिला ऐकवलं होतं आणि दर वेळी ती ओक्साबोक्शी रडायची. प्रत्यक्षात तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हे मला कशाला सांगता सर?" ती म्हणाली. "मी पेपर दिला नव्हता, हे मला म्हाईत नसंल व्हय? मला तर पहिल्या दिसापासून म्हाईतीये."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"ज्यांना म्हाईत नाही त्यांना सांगा," आई म्हणाली. तिने परात बाजूला सारली, हात झटकले, उठून पायात चपला घातल्या. "चला. शेजारच्या यमुनेपासून लागू. ती माझ्या हातचं पानी पीत नाही."

"द्वारकाबाई, मी उद्या पंचायतीत लिहून देतो," सर म्हणाले. "सही करून देतो."

"लिहायचं तव्हा लिहिलं नाही. आता तोंडानं सांगा."

आणि ती त्यांना घेऊन निघाली. मी मागून.

यमुनाबाईच्या अंगणात सर उभे राहिले आणि पहिल्यापासून सगळं बोलले. पेपर मी दिला, चावी माझ्याकडे होती, द्वारकाबाईंवर आळ येऊ दिला. यमुनाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने घाईघाईने खुर्ची आणली. "बसा ना सर." आई म्हणाली, "नाही, बसायचं नाही त्यांना. पुढं जायचंय." यमुनाबाई आईकडे बघून काहीतरी बोलायला गेली, पण आई तोवर पुढच्या घराच्या पायरीला लागली होती.

दुसरं घर, तिसरं, चौथं. गिरणीवाला, त्याची सून, पलीकडचा टेलर. प्रत्येक दारात सर तेच बोलायचे आणि प्रत्येक वेळी आई मध्येच टोकायची, "अध्यक्षांचं नाव घ्या. ते राहिलं." मग ते नाव घ्यायचे. पाचव्या घरापासून लोक मागून यायला लागले. गल्लीत गर्दी झाली. आठव्या घराशी सरांचा आवाज बसला. शब्द घोगरे निघू लागले, ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा माणूस, सकाळपासून पोटात काही नाही, बटणं अजून खालीवरच. मला वाटलं, पुरे. माझं सूडाचं पोट भरलं होतं. सोमवारी फोन लावून मी फार मोठं काही केलंय असं मला वाटत होतं, ते आईपुढे किती किरकोळ होतं हे मला तिथे कळलं.

"आई," मी हळूच म्हटलं, "बस कर आता. थकलेत ते."

आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिने त्या घरातून तांब्याभर पाणी मागवलं, स्वतःच्या हाताने सरांना दिलं आणि ते शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली. मग रिकामा तांब्या परत दिला.

"चला सर," ती म्हणाली. "अजून वरची आळी राहिलीये. अध्यक्ष घरीच असतात या वक्ताला."